आठ मुक्काम, एक तिकीट

मा. रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

वाटेत उतरत उतरत फिरण्याचे रेल्वेचे एक जुने तिकीट मोबाइलवर मिळावे, म्हणून हे पत्र. आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक. मी ६७ वर्षांची, हे ७० चे. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून निघालो ते सोलापूर, गुंटकलवरून बेंगळुरू, मग मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, मंगळुरू, मडगाव आणि कोकण रेल्वेने पनवेलला येऊन परत घरी. २४ दिवस लागले. शेजारणीने विचारले, "विमानाने का नाही गेलात?" गेलो असतो तर वाटेतली गावे कुठे भेटली असती?

रामेश्वरला मुद्दाम बसने गेलो. ह्यांचे म्हणणे, रेल्वेत बसून समुद्रावरचा पांबन पूल ओलांडता येतो, बघता येत नाही. ते पटले. रस्त्याच्या पुलावरून शेजारचे दोन्ही रेल्वेपूल दिसले. एक १९१४ चा, जहाज आले की मधोमध दोन पाकळ्या उघडणारा, आता थकलेला. दुसरा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला. त्याचा ७२ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो, लिफ्टसारखा. बसमधले निम्मे लोक एकाच बाजूच्या खिडक्यांना चिकटले होते. तुमच्या खात्याचे कौतुक त्या दिवशी तमिळ, तेलुगू आणि मराठीत झाले, ते तुमच्यापर्यंत पोचले नसेल म्हणून कळवते.

मदुराईच्या शहर बसमध्ये कंडक्टरने ह्यांच्याकडून पैसे घेतले आणि माझ्या हातात नुसतेच तिकीट ठेवले. मी पर्स उघडून उभीच. तिथे साध्या शहर बसला बायकांना पैसे पडत नाहीत, हे मागच्या बाईने खुणांनी समजावले. आपल्याकडे एसटीतही ६५ नंतर अर्धे भाडे, म्हणजे आम्हा दोघांत मिळून एक तिकीट. रेल्वेत मात्र पूर्ण दोन. मार्च २०२० पर्यंत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के सवलत होती. करोनात ती गेली, करोना गेल्यावर परत आली नाही. निदान स्लीपर आणि थर्ड एसीला तरी ती द्या, असे संसदेच्या समितीनेच सुचवले आहे. त्याचा विचार तुम्ही करालच, माझे आजचे गाऱ्हाणे वेगळे आहे.

रेल्वेकडे सर्क्युलर तिकीट नावाची एक सुरेख गोष्ट आहे. जिथून निघायचे तिथेच परत यायचे, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे. एकूण अंतराचे दोन सारखे भाग करून दोन लांब प्रवासांचे भाडे लावतात. लांबच्या प्रवासाला दर किलोमीटरला कमी पडते, तोच ह्याचा फायदा. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते, त्याचे पैसे वेगळे, तेही मान्य. पण हे तिकीट अ‍ॅपवर निघत नाही, संकेतस्थळावर निघत नाही. मार्ग लिहून अर्ज करायचा, भाडे काढून घ्यायचे, मग खिडकीवर जायचे. आम्ही एका खिडकीवर गेलो. आतल्या तरुणाने शांतपणे विचारले, "हे काय असतं?" त्याचा दोष नाही, त्याच्या नोकरीत कोणी मागितलेच नसेल. त्याने वरिष्ठांना फोन लावला, मागे रांग कुरकुरू लागली, शेवटी आम्हीच बाजूला झालो.

मग मुलीने मोबाइलवर सुटी सुटी तिकिटे काढून दिली. प्रत्येक तिकिटाला भाडे पुन्हा पहिल्या किलोमीटरपासून, म्हणजे महागातल्या दरापासून. नेहमीच्या तिकिटावरही वाटेत उतरता येते म्हणा, पण पहिले ५०० किलोमीटर ओलांडल्याशिवाय नाही, आणि हजाराच्या पुढे गेलात तरी दोनदाच, प्रत्येक वेळी दोन दिवस. मदुराईचे मीनाक्षी मंदिर दोन दिवसांत होते. मंदिराबाहेरची चहाची टपरी होत नाही.

वंदे भारत हव्यातच. नातवंडे त्यातूनच जातील. पण आमच्यासारखी, दुपारच्या गाडीने पुढच्या गावी जाऊन चार दिवस राहणारी माणसेही तुमचे प्रवासीच आहेत. जे तिकीट तुमच्या नियमांत आहेच, ते मोबाइलवर आणा. स्टेशनांची नावे टाकली की भाडे दिसावे, एवढेच. नवीन योजना नको, तिला नाव नको, उद्घाटन तर नकोच.

पुढच्या नोव्हेंबरात पुणे, नागपूर, रायपूर, हावडा, गुवाहाटी आणि येताना वाराणसी, प्रयागराज, जबलपूर, असे ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवले आहे. मोजून सात मुक्काम झाले, आठवा मी रिकामा ठेवला आहे. अ‍ॅपवर तोवर जमणार नसेल, तर कोणत्या खिडकीवर जायचे, तेवढे कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे