घरचा क्लाउड ठीक, पण दुसरी प्रत कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरमहा भाडं भरून फोटो-कागदपत्रं परक्या सर्व्हरवर ठेवण्यापेक्षा घरीच सिंकची (सगळ्या उपकरणांवर फायली आपोआप सारख्या ठेवण्याची) सोय करावी, हा आपल्या पुरवणीतला सल्ला पटला. मात्र त्यात एक गोष्ट राहून गेली आणि नेमकी तीच महागात पडते. सिंकमधली फाइल एकीकडे पुसली की सगळीकडून जाते. खंडणीखोर व्हायरसने कुलूप घातलेल्या फायलीही तितक्याच इमानाने घरच्या डिस्कवर येऊन पोहोचतात.

घरच्या घरी सिंक करणाऱ्या सिंकथिंग या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे, पण तो मुळात बंद असतो. घरी कायम चालू असलेल्या यंत्रावर प्रत्येक फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फाइल व्हर्जनिंग'खाली 'स्टॅगर्ड' निवडावं. मग जुन्या आवृत्त्या आधी तासागणिक, महिनाभर दिवसागणिक आणि पुढे वर्षापर्यंत आठवड्यागणिक राखल्या जातात. अर्थात, फक्त दुसऱ्या उपकरणाकडून आलेल्या बदलांच्या. त्याच यंत्रावर बसून फाइल पुसली तर तिथे काही उरत नाही, म्हणून त्यावर थेट काम करूच नये. शिवाय दुसरी डिस्क हवी. आठवड्यातून एकदा ती जोडायची, रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने प्रत घ्यायची आणि काढून कपाटात ठेवायची.

घरच्या सर्व्हरवर चालणारा नेक्स्टक्लाउड हा पर्यायही चांगलाच आहे, पण कॅलेंडर किंवा लिंक पाठवण्याची सोय नको असेल तर चार माणसांच्या घरात पीएचपी, डेटाबेस आणि अपग्रेडचा संसार कशाला मांडायचा?

घरच्या यंत्रासाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक वापरणाऱ्यांनी एवढं पाहावं: त्याचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. स्वतंत्र अॅडॉप्टर नसलेल्या दोन डिस्क लावल्या की कॉपी चालू असतानाच एखादी गळते, म्हणजे तिची जोडणी तुटते. आणि खरा घात पुढे होतो. डिस्क गळल्यावर तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो. सिंकथिंग आपली खूण (एक छोटा फोल्डर) शोधतं, ती न सापडल्याने 'फोल्डर मार्कर मिसिंग' म्हणून थांबतं. हे थांबणं म्हणजेच संरक्षण. पण घाईघाईत तीच खूण रिकाम्या फोल्डरमध्ये हाताने तयार केली, तर सगळ्या फायली पुसल्या गेल्या असं समजून तो निरोप इतर उपकरणांनाही जातो. आधी डिस्क जोडली गेली आहे का, ते बघा.

घराबाहेरून जोडणी फार मंद वाटली तर राउटरमधला वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) तपासावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर आयएसपीने (इंटरनेट देणाऱ्या कंपनीने) अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं असतं. तिथे राउटरमध्ये सिंकथिंगचा २२००० पोर्ट कितीही उघडला तरी उपयोग नाही. डेटा बहुधा रिलेमार्गे, म्हणजे मधल्या तिसऱ्या सर्व्हरवरून, रखडत जातो. राउटरमध्ये आयपीव्ही ६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) चालू करून पाहावं किंवा आपली उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केल वापरावं. पहिली मोठी कॉपी मात्र घरच्या नेटवर्कवरच, शक्यतो केबल लावून करावी.

फोनसाठी: सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्याऐवजी 'सिंकथिंग-फोर्क' आहे. त्याला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळलं नाही तर फोन त्याला गुपचूप बंद करतो आणि फोटो जात नाहीत, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुकानदारांनी टॅलीचा चालू डेटा फोल्डर सिंकला लावू नये. अर्धवट लिहिलेल्या फायली उचलल्या जातात. टॅलीने घेतलेली बॅकअप फाइल तेवढी सिंकमध्ये ठेवावी.

फायलींना मराठी नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक. लिनक्सच्या ईएक्सटी ४ या डिस्क-मांडणीत नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासकट, ३ बाइट घेतं. 'महाराष्ट्र' एवढ्या एका शब्दाचे ३० होतात. ८५ चिन्हांपलीकडचं नाव विंडोजवर खुशाल चालतं, पण घरच्या लिनक्स यंत्रावर ती फाइल 'आउट ऑफ सिंक' म्हणून अडकून राहते. नाव छोटं केलं की लगेच जाते.

आपला,
एक वाचक, नाशिक