सोन्याच्या खाणींची मराठी पुस्तिका छपाईला थांबली आहे : सभासदांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

ऐन गणपतीच्या धामधुमीत हे पत्र पाठवावे लागते आहे, कारण छापखान्याने दिलेली मुदत संपत आली आहे. आपल्या कॅलिफोर्नियातच शेजारी असलेल्या नेवाडा काउंटीतल्या सोन्याच्या खाणींचा इतिहास सांगणारी आपल्या मंडळाची पुस्तिका लिहून झाली, चित्रे झाली, मुद्रितेही तपासून झाली. आता गाडे अडले आहे ते पैशांपाशी.

ज्यांच्यामुळे काम इथवर आले त्यांचे ऋण आधी. फॉल्समचे आपले काका उमेदीच्या काळात कोयनेच्या पोफळी वीजघरात होते. नेवाडा काउंटीतल्या ग्रास व्हॅली गावी नॉर्थ स्टार खाणीच्या जुन्या यंत्रघरात 1896 सालचे 30 फूट व्यासाचे पेल्टन चाक, म्हणजे पाण्याच्या झोताने फिरणारे चाक, आहे. त्यावर हवा दाबणारे पंप चालत आणि त्या हवेवर खाणीतली यंत्रे. मराठी शाळेची मुले तिथे नेली तेव्हा काकांनी चाकाच्या कडेच्या जोडवाट्या दाखवल्या. मधल्या धारेवर पाण्याचा झोत आपटतो, दुभंगतो आणि दोन्हीकडे वळून बाहेर पडतो, म्हणून त्याचा जोर वाया जात नाही. लेस्टर पेल्टन याच डोंगरांत लाकूडकाम आणि यंत्रकाम करणारा माणूस. त्याची चाके नेवाडा सिटीच्या ओतशाळेत बनली आणि 1880 साली त्याला पेटंट मिळाले. 1915 साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली ती पेल्टन चाकांच्या जोरावर, आणि पोफळीलाही तीच चाके. हे काकांनी दाखवून दिले नसते तर पुस्तिकेतले सर्वांत चांगले प्रकरण लिहिलेच गेले नसते. त्यांनी त्याचा खर्चही पदरमोड करून केला.

रोझव्हिलच्या वहिनींनी नोकरी आणि दोन लहान मुले सांभाळून सगळा मजकूर सोप्या मराठीत आणला. ग्रास व्हॅलीचीच एम्पायर खाण 1850 पासून 1956 पर्यंत चालली, तिच्यातून सुमारे 58 लाख औंस सोने निघाले आणि तिचे बोगदे 367 मैल पसरले आहेत. या आकड्यांमागची माणसे वहिनींनी उभी केली. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतून आलेले कामगार, त्यांची मोठ्या करंजीसारखी पेस्टी (ग्रास व्हॅलीत आजही मिळते, मुलांना फार आवडली), परदेशी म्हणून जाचक कर भरणारे चिनी खाणकामगार, हे सगळे त्यात आहे. आणि ज्यांची ही भूमी होती ते निसेनान लोकही. सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीत त्यांची गावे उजाड झाली, 1964 साली सरकारने जमात म्हणून असलेली त्यांची मान्यताही काढून घेतली, आणि ती परत मिळवायला ते अजून झगडत आहेत. हे पान गाळू नये असा वहिनींचा आग्रह होता, समितीचाही आहे.

पहिली देणगी देणारे आपले आजोबा आज हयात नाहीत. नातवाच्या वाढदिवसाचा खर्च टाळून त्यांनी 500 डॉलर हातात ठेवले होते. त्यांच्या हयातीत पुस्तिका निघाली नाही याची रुखरुख आम्हा सर्वांना आहे.

मागच्या आवाहनाला मात्र जेमतेम प्रतिसाद आला. नाटकाची तिकिटे हातोहात संपतात, आणि या कामाला “आपला काय संबंध त्या खाणींशी?” असे ऐकावे लागले. ते मनाला लागले. संबंध आहे. 1853 साली नेवाडा सिटीजवळ पाण्याच्या झोताने डोंगर फोडून सोने काढण्याची रीत निघाली. तिकडच्याच मॅलाकॉफ खाणीत त्या झोतांनी अख्खा डोंगर कापून काढला. तो उघडा पडलेला तांबडा-पांढरा कडा मुले बराच वेळ पाहत राहिली होती. तिथला गाळ युबा नदीतून खाली आला, नदीचे पात्र वर चढले, नदीकाठच्या मेरिसव्हिल गावाला पूर आले, शेते गाडली गेली. शेतकरी कोर्टात गेले आणि 1884 च्या जानेवारीत न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडायला बंदी घातली. सॉयर स्वतः कधीकाळी सोने शोधायला आलेले! ज्या खोऱ्यात आपण घरे घेतली, मुले वाढवली, त्याच खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी हा खटला जिंकला. आपल्या मुलांना शिवनेरी माहीत हवा तसेच हेही माहीत हवे, आणि आपल्या भाषेत माहीत हवे.

तपशील : 1,000 प्रतींचा छपाईखर्च 4,200 डॉलर, जमा 1,650, कमी 2,550. चेक मंडळाच्या नावे, मागे “खाण पुस्तिका” लिहावे. रोख रक्कम आरतीनंतर खजिनदारांकडे द्यावी, पावती तिथेच मिळेल. ज्यांची कंपनी देणगीत भर घालते त्यांनी तो अर्ज जरूर भरावा. 100 डॉलर व वरच्या देणगीदारांचे नाव पुस्तिकेत येईल, नको असल्यास तसे कळवावे. फूल ना फुलाची पाकळी, 10 डॉलरही चालतील. ऑक्टोबरच्या मॅलाकॉफ सहलीसाठी मोठी गाडी चालवणारे दोघे हवेत, रस्ता वळणाचा व काही भाग कच्चा आहे. कोयना किंवा खोपोलीच्या वीजघराचे जुने फोटो कोणाकडे असल्यास स्कॅन करून लगेच परत देऊ. सर्व काही अनंत चतुर्दशीपर्यंत पोचावे, दुसऱ्या दिवशी मजकूर छापखान्यात जाईल.

आपला,
कार्यवाह, इतिहास समिती