शाहीर साबळ्यांच्या कॅसेटी माळ्यावरून खाली काढा : मंडळाचे आवाहन

सर्व सभासद, माजी कार्यकर्ते आणि गिरणगाव सोडून विरार-बदलापूरला राहायला गेलेले आपले जुने प्रेक्षक, सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या ध्वनिसंग्रहाला शाहीर साबळ्यांच्या नाटकांच्या कॅसेटी हव्या आहेत आणि पैसेही हवे आहेत. दोन्ही गणपतीच्या आत. आधी कारण सांगतो, कारण गेल्या वर्षी पावतीपुस्तकं घेऊन दारोदार फिरलो तेव्हा "शाहीर साबळ्यांची गाणी मोबाईलवर मिळतात की, तुम्ही आणखी काय जपणार?" हे बऱ्याच उंबरठ्यांवर ऐकून घ्यावं लागलं.

गाणी मिळतात, कबूल. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहिरांचा आवाज असलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ पासून राज्यगीत आहे. त्याची काळजी आपण करायला नको. काळजी आहे ती नट साबळ्यांची. १९२३ साली वाई तालुक्यातल्या पसरणीत जन्मलेला, अमळनेरला शिकताना साने गुरुजींच्या सहवासात आलेला, बेचाळीसच्या लढ्यापासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत डफावर गात राहिलेला हा शाहीर १९६० मध्ये 'यमराज्यात एक रात्र' घेऊन उभा राहिला आणि पोवाड्याचा माणूस मुक्तनाट्याचा, म्हणजे तमाशाच्या ढंगातल्या नव्या लोकनाट्याचा झाला. लिहिणं त्यांचं, बसवणं त्यांचं, गाणं त्यांचं आणि सोंगही त्यांचंच. मग 'आंधळं दळतंय', 'ग्यानबाची मेख', 'मीच तो बादशहा', 'कोयना स्वयंवर'. १९८४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९९८ ची पद्मश्री, सगळं खरं. पण ती नाटकं ऐकायची कुठे?

मुक्तनाट्याची संहिता म्हणजे नुसता सांगाडा. बतावणी, म्हणजे पात्रांचा ऐनवेळी रचलेला विनोदी संवाद, त्या त्या दिवसाची असते, सकाळच्या पेपरातली बातमी रात्री रंगमंचावर येते. राजा मयेकरांसारखा गडी समोर असताना वाक्य कसं झेललं गेलं, हशा ओसरायच्या आत ढोलकीने कुठे उचललं, हे छापता येत नाही. ते उरलंय फक्त कुणीतरी तिसऱ्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटींत. आणि त्या तुमच्या माळ्यावर, पत्र्याखाली, दिवाळीच्या कंदिलाशेजारी पडल्या आहेत.

आजवर ६३ कॅसेटी, ११ स्पूल (टेपची उघडी मोठी रिळं) आणि १९ तबकड्या जमल्या, त्या मोजक्या माणसांमुळे. पहिला मान त्या आजींचा, ज्यांनी यजमानांचे सगळे स्पूल शिलाई मशीनच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून जपले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने प्रयोगाची तारीख व थिएटर लिहून ठेवलं. नाव छापायचं नाही, अशी त्यांची तंबी आहे, म्हणून छापत नाही. दुसरे आपले निवृत्त रेडिओ मेकॅनिक काका. घरगुती रेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, थोडं तिरकं असायचंच, त्यामुळे तीच कॅसेट चांगल्या डेकवर दबकी वाजते. काका प्रत्येक कॅसेटला हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवतात, डोळे मिटून टाळ ऐकतात आणि टाळ चकचकीत झाला की हात काढून घेतात. चार वर्षांत त्यांनी रिक्षाभाडंसुद्धा घेतलेलं नाही. कोपऱ्यावरचे हॉटेलवाले शेठ वर्गणी देत नाहीत, पण कामाच्या दिवशी चहा येतोच. तोही हिशेबात धरायला हवा. गेल्या वर्षी दीडशे पत्रं टाकली. उत्तरं चार आली, त्यातली दोन पत्ता बदलल्याची. बोलायचं नव्हतं, बोललो.

आता महत्त्वाचं. सापडलेली कॅसेट "चालते का बघू" म्हणून घरी लावू नका. जुन्या रेकॉर्डरचा रबरी रोलर चिकट झालेला असतो, तो टेप आत ओढून चुरगळतो आणि नेमकी सुरुवातीची गौळण जाते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत आणा, नाहीतर बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटीत जाते. हेडसमोरची फेल्टची इवलीशी गादी गळून पडली असेल तर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. घाबरू नका, आम्ही रीळ नव्या पाच स्क्रूंच्या खोक्यात बसवतो. कॅसेटच्या मागच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही खिट्या मात्र आजच मोडा, म्हणजे नातवंडांकडून चुकून वर काही भरलं जाणार नाही. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या स्पिरिटने पुसू नका, त्यांची लाख विरघळते. त्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत खालची तडकते.

एक नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे जवळपास चार तासांचं काम. आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून रीळ सैल करायचं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग संगणकावर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या वरच्या दर्जात भरायचं. आवाज 'स्वच्छ' करायच्या फंदात आम्ही मूळ प्रतीत पडत नाही; प्रेक्षकांचा खोकलासुद्धा राहू देतो. एका कॅसेटची फाइल तीन जीबीच्या आसपास होते आणि तिच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

गरज : डेकचे बेल्ट व रोलर, ७८ साठी जाड सुई (एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, नुसती खरखर येते), ४ टीबीच्या तीन हार्डडिस्क, रिकामी खोकी १००, सिलिका जेल. एका कॅसेटचा खर्च रु. ४००, एक तरी उचला. रोख किंवा मंडळाच्या नावे चेक, पावती जागेवर, आयकर सवलत (८०-जी) नाही. कार्यालय सोम. ते शनि. सायं. ७ ते ९, रवि. १० ते १. कॅसेट देणगी वा उसनी, दोन्ही चालेल. उसनी ४५ दिवसांत परत, सोबत पेनड्राइव्हवर प्रत. प्रयोगाचं साल, ठिकाण, कुणी भरली हे आठवेल तेवढं चिठ्ठीवर लिहा. कुरियर नको, हाती द्या. पावसात प्लॅस्टिकचा डबा. डबा स्पीकरवर ठेवू नका, त्यातल्या चुंबकाने टेप बिघडते.

आपला,
सचिव (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : कॅसेटवरची नावाची पट्टी सुटली असेल तर फेकू नका, डबीतच टाका. मागच्या खेपेला अशा सात कॅसेटी आल्या, त्यातल्या दोन कोणत्या नाटकाच्या ते काका अजून ऐकत बसलेत.