संत्र्याची साल कोण खातो?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फळांवरच्या मेणाविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख काल दुपारच्या एसटीने आमच्या गावात पोहोचला आणि दिवे लागेपर्यंत पारावर सर्वांचा वाचून झाला. फळ चाकूने खरवडावे, पांढरा भुगा निघाला की ते मेणबत्तीचे मेण समजावे आणि फळ फेकून द्यावे, असा सल्ला आपल्या लेखिकेने दिला आहे. सफरचंदाचे त्यांनी काय करावे हा त्यांचा प्रश्न. परंतु त्याच यादीत त्यांनी संत्राही बसवला, म्हणून हे पत्र. संत्र्याची साल कोणी खात असल्याचे आमच्या वरुड तालुक्यात तरी ऐकिवात नाही.

संत्र्याच्या सालीवर झाडावर असतानाच मेणाचा पातळ थर असतो. पॅकिंगपूर्वी फळ धुऊन ब्रशखालून काढले की तो बराचसा निघून जातो, आतले पाणी उडू लागते आणि साल सुरकुतते. गेलेला थर भरून काढण्यासाठी वरून लेप देतात. मधमाश्यांचे मेण, ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण किंवा लाखेपासून काढलेले शेलॅक यासाठी वापरण्यास आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मुभा आहे. मात्र लेप दिल्याचे लेबलवर लिहावे लागते. असे लेबल बाजारात किती पेट्यांवर दिसते, एवढे जरी लेखिकेने विचारले असते तरी मी त्यांचे आभार मानले असते. त्याऐवजी त्यांनी सरसकट 'परदेशी रसायन' असा शिक्का मारला. लाख आमच्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर पिकते, ती परदेशी केव्हापासून झाली?

लेपामुळे नुकसान होतच नाही, असा माझा दावा नाही. ते मी स्वतः सोसले आहे. दोन वर्षांपूर्वी आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाच्या, तोडीला बागेत आलेला व्यापारी भाव पाडून मागू लागला, तेव्हा मी हट्टाने एक मेटाडोर भरून माल जवळच्या एका केंद्रावर धुण्यासाठी आणि लेपासाठी नेला. तेथे ऐन वेळी वीज गेली, पुन्हा आली तेव्हा फळे वाळवणारा गरम हवेचा बोगदा काही सुरू होईना, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असल्यामुळे त्यांनी ओल्या फळांवरच लेप दिला; वर चमक कमी वाटते म्हणून तोच माल दुसऱ्यांदा फिरवला. पाचव्या दिवशी दिल्लीहून अडत्याचा फोन आला. संत्रा दिसायला नवरदेवासारखा सजलेला, पण फोडला की मोहाच्या दारूचा वास! तोडलेले फळही श्वास घेत असते. लेप जाड बसला की प्राणवायू आत पुरेसा जात नाही आणि फळात मद्यार्क तयार होऊ लागतो, हे मला नंतर कळले. केंद्रचालकांनी ते आधीपासून जाणायला हवे होते. त्यांनी 'फळच जास्त पिकलेले होते' असे सांगून हात झटकले, अडत्याने पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, पैसे कापले, आणि लेपाचे पैसे मी आगाऊ भरलेलेच होते.

तेव्हा लेप किती जाड बसतो, फळ आधी पुरते वाळते की नाही आणि हे तपासतो कोण, याची चौकशी आपल्या वृत्तपत्राने करावी. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था नागपुरातच अमरावती रोडवर आहे. आपल्या लेखिकेला चाकू घेऊन बाजारात फिरायला वेळ मिळाला, तसा तेथे जायलाही मिळाला असता.

आणखी एक. लेखासोबत 'नागपुरी संत्रा' म्हणून छापलेले छायाचित्र किन्नोचे आहे. गराला घट्ट चिकटलेली ती गुळगुळीत साल पाहून आमच्या आठवीतल्या नातवानेही ते ओळखले. किन्नो हा कॅलिफोर्नियात तयार झालेला संकर, आपल्याकडे तो मुख्यतः पंजाबात पिकतो. आमच्या संत्र्याची साल सैल असते आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बाजारात किन्नो आमच्या नावाने खपवला जातोच, निदान आपण तरी त्यात भर घालू नये. दुरुस्ती त्याच आकारात छापावी, ही विनंती. छायाचित्रासाठी फळ हवे असल्यास कळवावे. पावसाळ्यात फुललेला मृग बहर अजून झाडावर आहे, बिनलेपाचा.

आपला,
एक संत्रा उत्पादक,
ता. वरुड, जि. अमरावती