कळा सुरू असताना उठून न जाणारी सोबत हवी आहे

आपल्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त, जेवण आणि नेआण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून मोफत आहे. त्यात न मिळणारी गोष्ट एकच: पहिल्या कळांपासून बाळ अंगावर पिईपर्यंत शेजारून न हलणारी बाई. सिस्टरना एका वेळी दोन-तीन खाटा बघाव्या लागतात. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालल्या की आई-सासूही थकतात, घाबरतात आणि ‘सिझर करून टाका’ असा धोशा लावतात.

म्हणून मंडळ प्रसूतीसख्या तयार करत आहे. शहरात त्यांना डुला म्हणतात. सखी म्हणजे सुईण नव्हे. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही, पोट तर कधीच दाबत नाही, कारण त्याने गर्भपिशवी फाटू शकते. तिचे काम साधे, पण सलग असते. बाईला उताणी पडू न देणे (गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते), चालवणे, नाहीतर डाव्या कुशीवर वळवणे. डॉक्टरांची मनाई नसेल तर घोट-घोट पाणी देणे. दर दोन तासांनी लघवीला नेणे, कारण भरलेले मूत्राशय बाळाची वाट अडवते. कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळव्याने घट्ट दाब देणे. पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी नातेवाईक ‘जोर लाव’ म्हणून ओरडतात. त्याने तोंडाला सूज येते आणि ऐन वेळी बाईत ताकद उरत नाही. सखी तिला फुंकर मारत श्वास सोडायला लावते. रक्तस्राव, हिरवट पाणी, डोळ्यांपुढे अंधारी, दोन कळांच्या मध्येही न थांबणारी वेदना, यांतले काहीही दिसले की तत्काळ सिस्टरना हाक. बाळ झाल्यावर मध चाटवायला आलेल्या आजीला थोपवायचे आणि तासाभरात चीक पाजायचा.

१७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासांचा २०१७ चा आढावा सांगतो, की सलग सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी होतात. सरकारी प्रसूतिगृहात सोबतीणीला केंद्राने २०१६ मध्येच मुभा दिली. तरी दार उघडत नाही, कारण खाटांमध्ये आडोसा नसतो आणि शेजारच्या बाईची अब्रू राखायची असते. तेव्हा पहिली गरज पडद्यांची: धुता येणारे सहा पडदे, रुळांसकट.

शिवाय कळांत बसून डुलायला ६५ सेंटिमीटरचे दोन व्यायामाचे चेंडू, चार थर्मास आणि रात्रपाळीच्या सखीला ३०० रुपये मानधन व रिक्षाभाडे हवे. मानधन टाळून चालणार नाही; फुकटची सखी पहाटे तीनला घरी जाते.

सखी व्हायला स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या, तब्येतीने धडधाकट अशा बारा जणी हव्यात. प्रशिक्षण तीन दिवसांचे, त्यानंतर सिस्टरांच्या हाताखाली पाच बाळंतपणे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात शनिवारी ४ ते ६ या वेळेत द्यावी, पावती मिळेल. जुन्या साड्या मात्र आणू नका. लेबर रूममध्ये त्या घेत नाहीत.