कौलावरचे साल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘साहेबाच्या बंगल्या’वरचा लेख वाचला. स्टेशनालगतच्या त्या बंगल्याची कुणाला तरी आठवण झाली याचा आनंद झाला. तो चौथ्या ओळीपर्यंत टिकला. ढिगाऱ्यात सापडलेल्या कौलावर ‘१८६५’ असा शिक्का आहे, सबब बंगला १८६५चा, असा निवाडाच आपल्या लेखकाने देऊन टाकला आहे.

अहो, ते मंगलोरी कौल आहे! बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते हे साल. पुढे कित्येक वर्षे निघालेल्या कौलांवर तेच उमटत राहिले. हलवायाच्या खोक्यावर दुकानाचे स्थापना-वर्ष असते, म्हणून आतले पेढे तेव्हाचे काय? बंगला जुना होता, वाद नाही. पण त्याचे वय दप्तरात शोधायचे, छपरावर नव्हे.

माझे आजोबा रेल्वेत पार्सल क्लार्क. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. बंगला पाडला तेव्हा वडिलांनी एक कौल उचलून आणले. ते आजही आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे. एक कोपरा उडालाय, रिपेला अडकायचे उंचवटे झिजलेत, साल मात्र ठसठशीत. आपल्या लेखकाच्या हिशेबाने आमची गळकी सोसायटीही १८६५चीच ठरेल. गळण्यावरून तसे वाटतेही म्हणा.

त्यात भर म्हणून ‘पहिली गाडी, १६ एप्रिल १८५३’ या ओळीखाली चित्र कसले, तर खाडीच्या पुलावरच्या आगगाडीचे! त्या दिवशी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यालाच थांबली. खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जायला १ मे १८५४ उजाडला. साहिब, सिंध, सुलतान ही इंजिने, १४ डबे, ४०० पाहुणे हे सगळे मात्र बिनचूक. ते ठाण्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते.

पारसिकचा बोगदा १९१६चा असताना आपण मार्चमध्ये १९६१ छापलेत, तेव्हाही मी पत्र धाडले होते. त्याला जागा मिळाली नाही. जागेची एवढी टंचाई आहे म्हणूनच बहुधा शब्दकोड्याचे चौकोन हल्ली मुंगीएवढे झालेत. असो.

लेखकमहाशयांना कौल पाहायचे असेल तर संध्याकाळी पाचनंतर जरूर यावे. कुंडी जड आहे, उचलायला त्यांनीच हात लावावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोपरी, ठाणे (पूर्व)