बनावट भाषण आणि खरा इतिहास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील एखादी मराठी शाळा पटाअभावी बंद झाल्याची बातमी आली, की इंग्रज मुत्सद्दी मेकॉले याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात केले म्हणून सांगितले जाणारे एक भाषण मोबाइलवर फिरू लागते. हिंदुस्थानचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलून इंग्रजीचे वर्चस्व बसवले पाहिजे, असा त्या भाषणाचा आशय. वास्तविक मेकॉले १८३४ सालीच हिंदुस्थानात आला होता. त्या तारखेची आहे ती त्याची शिक्षणविषयक टिपणी, आणि भाषणातील वाक्ये तीत नाहीत. एतद्देशीय विद्येबद्दलची तुच्छता मात्र तीत भरपूर आहे, त्यामुळे त्याच्यावर टीका करायला बनावट मजकुराची गरज का पडावी, हे कोडेच आहे.

शिवाय ती टिपणी मुख्यतः बंगालमधील संस्कृत-अरबी विरुद्ध इंग्रजी या वादातली होती. मुंबई इलाख्याची गोष्ट वेगळी आहे. येथे गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळापासून मराठी पाठ्यपुस्तके तयार होत होती. कंपनी सरकारच्या लष्करातील कॅप्टन जर्व्हिस याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४० साली स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तेव्हा जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणधोरणाच्या आदेशपत्रानेही, सामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांतूनच व्हावे, असे म्हटले. म्हणजे प्राथमिक शाळेतून मराठीला इंग्रजांनीही काढले नव्हते.

पारडे फिरले ते नोकरीमुळे. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंगने सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरवले आणि १८५७ नंतर मुंबई विद्यापीठातले उच्च शिक्षण इंग्रजीतून होऊ लागले. तरीही खालच्या नोकऱ्यांत मराठी परीक्षेला किंमत होती. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मराठी सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, ते त्यासाठीच.

आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पालक पदरमोड करून मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात, ते मेकॉले वाचून नव्हे. मराठीतून शिकलेल्या मुलाला पुढे काय मिळेल, याचे उत्तर त्यांना कोणी देत नाही. शाळा वाचवण्याच्या सभांतून हा प्रश्न शिक्षण खात्याला आणि लोकप्रतिनिधींना लेखी विचारला जावा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, दापोली